चार, सहा आणि नऊ

आमच्या धर्मग्रामाच्या सणाला चार दिवस उरले असताना चर्चमधील ध्वनिवर्धक गुरगुरू लागला. बोलणारा बोलत असो वा गप्प असो, कर्ण्यांतून एक अखंड, खर्जातला ‘हंऽऽ’ असा सूर येत राही. आणि प्रवचनात आम्ही क्षणभर थांबलो की तो त्या शांततेत येऊन बसे. मागच्या बाकांवरील वृद्ध मंडळींना आधीच कमी ऐकू येते. त्यांनी तक्रार केली. गायकवृंदानेही केली. यंत्र जुने, पण इमानी. महिन्यापूर्वी त्याचा वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून एका कारागिराकडून नवा बसवून घेतला होता, आणि हा दोष तेव्हापासूनचा. माइक बदलून पाहिले, वायरी बदलल्या, अर्थिंग तपासले. खर्ज काही हलेना.

शेवटी कोणीतरी सुचवले, की स्टेशनच्या वाटेवर मोटर रिवाइंडिंगचे एक दुकान आहे, त्या माणसाला बोलवा. गुरुवारी संध्याकाळी तो आला. पन्नाशीच्या आसपासचा, केस पांढरे होऊ लागलेले, बोटांना वॉर्निशचे डाग. त्याने यंत्राचे झाकण काढले, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग वीज बंद करून त्याने नव्या ट्रान्सफॉर्मरचे चार स्क्रू सोडवले, तो उचलून जागच्या जागी काटकोनात वळवून ठेवला आणि बटण दाबले.

गुरगुर थांबली. चर्चमध्ये इतकी शांतता पसरली, की छपराखालच्या पारव्यांचे पंख वाजलेले ऐकू आले.

“फादर,” तो म्हणाला, “हा माइकचा लहान ट्रान्सफॉर्मर बघा. मोठा ट्रान्सफॉर्मर त्याच्या अगदी समोरासमोर बसवला होता. मोठा जे बोलत होता ते सगळं लहान ऐकत होता. आता मोठ्याला आडवा केला. तो बोलतोच आहे, पण ह्याच्यापर्यंत पोचत नाही.”

“म्हणजे अन्योन्य प्रवर्तन,” शिक्षकी सवयीने आम्ही बोलून गेलो.

तो हसला. “हो, ब्रदर,” म्हणाला.

आम्हाला ‘ब्रदर’ म्हणून हाक मारली जाण्यास तीस वर्षे उलटून गेली होती. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. “ओळखलं नाही ना? बारावी. तुम्ही फिजिक्स शिकवायला आला होता. चार, सहा, नऊ.”

आणि मग आम्हाला सारे आठवले.

ते १९९३ साल. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आम्ही सेमिनरीत गेलो होतो आणि प्रशिक्षणाच्या मधल्या वर्षी आम्हाला बाहेर कामाला पाठवले होते. एका कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक दीर्घ रजेवर गेल्याने बारावीचा वर्ग आमच्याकडे आला. वय तरुण, आणि फळ्यावर सूत्र लिहिले की विषय शिकवून झाला असा समज. त्या दिवशी पाठ होता दोन वेटोळ्यांतील प्रवर्तनाचा. पहिल्या वेटोळ्याचे स्वयंप्रवर्तन ४ हेन्री, दुसऱ्याचे ९ हेन्री. दोन्ही एकमेकांशी पूर्णपणे जोडलेली असतील तर त्यांचे अन्योन्य प्रवर्तन किती? चार आणि नऊ यांचा गुणाकार छत्तीस, त्याचे वर्गमूळ सहा. उत्तर ६ हेन्री. आम्ही खाली दोन रेघा ओढल्या.

मागच्या बाकावरून एक सडपातळ मुलगा उभा राहिला. “ब्रदर, पहिल्याचं स्वतःचं चारच आहे. मग तो दुसऱ्यावर सहाचा परिणाम कसा करतो? स्वतःपाशी चार असताना सहा आले कुठून?”

वर्ग हसला. प्रश्न उत्तम होता, एवढे आम्हाला त्याच क्षणी कळले. आणि उत्तर आपल्याला ठाऊक नाही, हेही कळले. “हे सूत्र आहे,” आम्ही म्हणालो. “सूत्राला ‘कुठून’ असं विचारायचं नसतं. पाठ कर, मार्क मिळतील.” वर्ग दुप्पट हसला. मुलगा खाली बसला. त्या वर्षात त्याने आम्हाला पुन्हा प्रश्न विचारला नाही.

बारावीनंतर तो पुढे शिकला नाही. त्याच वर्षी वडील गेले होते. मामाने त्याला रिवाइंडिंगच्या दुकानात बसवले. आमच्या एका वाक्याने त्याचे शिक्षण सुटले असे म्हणणे म्हणजे स्वतःला फाजील महत्त्व देणे होईल. पण विचारणारे एक मूल त्या दिवशी गप्प बसले, आणि ते आमच्यामुळे, हे खरे. पुढे आम्ही अनेकदा ‘प्रश्न विचारा’ असे तरुणांना व्यासपीठावरून सांगितले असेल. त्यातल्या एकाही वेळी हा मुलगा आम्हाला आठवला नव्हता.

“उत्तर मला दुकानात सापडलं,” तो झाकण लावत म्हणाला. “उद्या वेळ असेल तर या. दाखवतो.”

दुकानात जाण्यापूर्वी वाचकांसाठी थोडी उजळणी करणे इष्ट होईल.

घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा. तिच्या पट्टीवर एक जड लोखंडी डबी असे. तिला आपण चोक म्हणत असू. त्या डबीत दुसरे काही नसते, लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार असते. अशा वेटोळ्यातून वीज वाहू लागली की भोवती चुंबकीय बलरेषा निर्माण होतात. त्या बलरेषा त्याच वेटोळ्याच्या वेढ्यांमधून जातात. प्रवाह वाढला वा घटला की रेषाही वाढतात वा घटतात, आणि त्या बदलामुळे खुद्द त्या वेटोळ्यातच एक विद्युतदाब उत्पन्न होतो. तो नेहमी बदलाला विरोध करतो. वाढणाऱ्याला वाढू देत नाही, थांबणाऱ्याला थांबू देत नाही. स्टार्टरने प्रवाह एकाएकी तोडला की चोक उसळी घेतो आणि त्या उसळीने नळी पेटते. हे स्वयंप्रवर्तन. प्रवाह दर सेकंदाला एक अँपिअरने बदलत असताना एक व्होल्टचा दाब उत्पन्न झाला तर ते वेटोळे एक हेन्रीचे.

ज्यांच्यावरून हे नाव पडले ते जोसेफ हेन्री अमेरिकेतील ऑल्बनी येथील एका विद्यालयात शिक्षक होते. लांब तारेचे विद्युतमंडल तोडताना आखूड तारेपेक्षा मोठी ठिणगी उडते आणि तीच तार गुंडाळली तर ठिणगी आणखी जोमदार होते, असे त्यांनी १८३२ साली प्रसिद्ध केले.

आता त्याच गाभ्यावर दुसरे एक वेटोळे गुंडाळा. त्याला वीज जोडूच नका. पहिल्याच्या बलरेषा दुसऱ्यामधूनही जातात, आणि पहिल्यातील प्रवाह बदलला की दुसऱ्यात दाब उत्पन्न होतो. हे अन्योन्य प्रवर्तन. लोहाराचा मुलगा आणि एके काळचा बुकबाइंडर मायकेल फॅरडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये लोखंडाच्या कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हे प्रथम पाहिले. वीज जोडताना सुई हलली, तोडताना हलली. वीज अखंड वाहत असताना मात्र हलली नाही. बदल झाल्यावाचून शेजाऱ्याला काही कळत नाही. रस्त्यावरच्या डीपीपासून मोबाइलच्या चार्जरपर्यंतचे ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतात. स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीत तर पातेल्याचा तळ हेच दुसरे वेटोळे होते.

या इतिहासात एक नाव असे आहे, की ते आपल्याला अधिक ठाऊक असायला हवे होते. फादर निकोलस कॅलन. आयर्लंडमधील लाउथ परगण्यात १७९९ मध्ये जन्म, १८२३ साली गुरुदीक्षा, पुढे रोम येथे उच्च शिक्षण, आणि १८२६ पासून १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत मेनूथ येथील सेमिनरीत निसर्गविज्ञानाचे अध्यापन. एकीकडे संत आल्फोन्सस लिग्वोरी यांच्या धार्मिक ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर चालले होते, दुसरीकडे सेमिनरीच्या तळघरात तारा गुंडाळणे चालले होते. १८३६ साली त्यांनी लोखंडाच्या गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे घेतले, आणि जाड तारेतील प्रवाह तोडताच बारीक तारेच्या टोकांशी प्रचंड दाब मिळवून दाखवला. जगातील पहिल्या इंडक्शन कॉइलपैकी ही एक. पुढच्या वर्षी त्यांनी घड्याळाच्या यंत्रणेने प्रवाह सेकंदाला वीस वेळा तोडण्याची सोय केली, तेव्हा पंधरा इंच लांबीच्या ठिणग्या उडाल्याचे सांगतात.

त्या यंत्रात स्वयं आणि अन्योन्य ही दोन्ही प्रवर्तने हातात हात घालून काम करतात. जाड तारेचे वेटोळे आपल्या स्वयंप्रवर्तनाने ऊर्जा साठवते. प्रवाह तुटला की ती ऊर्जा अन्योन्य प्रवर्तनाने बारीक तारेकडे जाते. दाब मोजायला तेव्हा साधने नव्हती. म्हणून कॅलन विद्यार्थ्यांना रांगेत उभे करून धक्का देत आणि कोण किती उडतो यावरून अंदाज बांधत. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श विद्यार्थिदशेत या प्रयोगात बेशुद्ध पडले, अशी कथा आहे. अध्यापनाची ही पद्धत आम्ही कोणाला सुचवणार नाही. पण प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याच्या हाडांपर्यंत पोहोचवण्यात कॅलन कमी पडले असे कोणी म्हणणार नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही दुकानात गेलो. दहा बाय बाराची खोली. भिंतीवर वाइंडिंग उतरवलेल्या पंपांच्या मोटारी, कोपऱ्यात जळक्या तांब्याचा ढीग, टेबलावर हाताने फिरवायचे वाइंडिंग मशीन आणि त्याला वेढे मोजणारा आकडा. त्याने आम्हाला स्टूल दिले, चहा सांगितला, आणि खणातून मुठीत मावेल अशी एक कॉइल काढली. गाभा फेराइटचा, त्यावर दोन तारा, एक तांबूस, एक हिरवट.

“तांबूस तारेचे दोनशे वेढे, हिरव्याचे तीनशे,” तो म्हणाला. “तुमचं उदाहरण यावं म्हणून मुद्दाम केली आहे.” त्याने लहान मीटर लावले. तांबूस तार : ४ मिलिहेन्री. हिरवी तार : ९ मिलिहेन्री.

“आता बघा, फादर. वेढा दोन कामं करतो. वीज वाहते तेव्हा तो बोलतो, आणि शेजारच्या रेषा बदलतात तेव्हा तो ऐकतो. शंभर वेढ्यांना आपण एक माणूस समजू. तांबूस घरात दोन माणसं. ती दोघं बोलतात आणि तीच दोघं ऐकतात. दोन दुणे चार. हिरव्या घरात तीन. तिघं बोलणार, तिघं ऐकणार. तीन त्रिक नऊ. आणि तांबूस घरातली दोघं बोलली, हिरव्या घरातल्या तिघांनी ऐकलं, तर?”

“दोन त्रिक सहा,” आम्ही म्हणालो.

“आणि उलट केलं, तिघं बोलली आणि दोघांनी ऐकलं?”

“तीन दुणे सहा.”

तो मीटर बाजूला ठेवून हसला. “एवढंच होतं, फादर.”

एवढेच होते. चारवाल्याने सहा दिले नव्हते. बोलणे दोघांचेच होते. ऐकणारे तिसरे जोडले गेले म्हणून गुणाकार वाढला. बोलणारा जे पाठवतो त्याचे मोल ऐकणाऱ्याच्या वेढ्यांनी ठरते. दोन वेटोळी कितीही असमान असोत, पहिल्याचा दुसऱ्यावरील प्रभाव आणि दुसऱ्याचा पहिल्यावरील प्रभाव सारखाच निघतो. वेटोळ्यांचा आकार कसाही असला तरी हे खरे ठरेल असे गणित फ्रान्झ नॉयमान यांनी १८४५ मध्ये मांडले. आणि वर्गमुळाचे कोडेही इथेच सुटते : चार म्हणजे दोनचा वर्ग, नऊ म्हणजे तीनचा वर्ग. वर्गमूळ काढणे म्हणजे प्रत्येक घरातली माणसे पुन्हा मोजणे. तीस वर्षांपूर्वी आम्ही जे सूत्र म्हणून पाठ करायला सांगितले होते, ते या माणसाने वेढे मोजता मोजता ओळखले होते.

मग त्याने दोन्ही तारा एकापुढे एक जोडल्या, प्रवाह दोन्हींतून एकाच दिशेने फिरेल अशा. मीटरवर २४.८. एका तारेची टोके उलट केली. मीटरवर १.२. चार आणि नऊ तेरा. तारा एकमेकींना साथ देत असतील तर तेरात अन्योन्य प्रवर्तनाची दुप्पट मिळवायची, विरोध करत असतील तर वजा करायची. पूर्ण सहा असते तर पंचवीस आणि एक असे आकडे आले असते. दोन्ही आकड्यांतील फरकाला चाराने भागले की प्रत्यक्ष अन्योन्य प्रवर्तन मिळते : ५.९.

“सहाला दशांशभर कमी,” तो म्हणाला. “थोड्या रेषा बाहेर निसटतात. एका तारेच्या सगळ्या रेषा दुसरीतून कधीच जात नाहीत.” ही जी उणीव असते, तिला पुस्तकात युग्मन गुणांक नावाचा एक आकडा आहे. पूर्ण जोडणी असेल तर तो एक, मुळीच नसेल तर शून्य. अन्योन्य प्रवर्तन काढायचे म्हणजे दोन्ही स्वयंप्रवर्तनांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याला या आकड्याने गुणायचे. त्याच्या हातातील कॉइलचा हा आकडा ०.९८ होता. चर्चमधल्या यंत्रात कारागिराने मोठा आणि लहान ट्रान्सफॉर्मर समोरासमोर बसवले तेव्हा तो अगदी किंचितच असेल, पण माइकचा नाजूक स्वर बुडवायला तेवढा पुरला. काटकोनात वळवताच तो जवळजवळ शून्य झाला. दोघांची स्वयंप्रवर्तने होती तेवढीच राहिली. वेढे बदलले नाहीत, गाभे बदलले नाहीत. बदलली ती फक्त एकमेकांसमोर बसण्याची रीत.

चहा आला. कप हातात घेऊन तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “फादर, एक गोष्ट मात्र मला अजून सांगता येत नाही. एकाच गाभ्यावर वेढे मोजून सहा येतात, हे कळलं. पण कुणी वेगळ्याच आकाराच्या कॉइल केल्या, वेगळा गाभा घेतला, आणि एकीचं चार आणि दुसरीचं नऊ आलं, तर कधी सहाच्या वर जाईल का? चार आणि नऊची सरासरी साडेसहा. निदान तेवढं का नाही? मी पुष्कळ करून पाहिलं, कधी गेलं नाही. पण का जात नाही?”

तीस वर्षांनी तोच मुलगा पुन्हा उभा होता. याही वेळी उत्तर आम्हाला येत नव्हते. या वेळी आम्ही तसे सांगितले. “मला माहीत नाही. उद्या सांगतो.”

त्या रात्री सणाच्या प्रवचनाचे कागद बाजूला सारून आम्ही कोरी वही घेतली. पदवीच्या काळातले पुस्तक कपाटात होते. त्याची पाने पिवळी पडली होती. ऊर्जेपासून सुरुवात केली. वेटोळ्यात प्रवाह असतो तेव्हा त्यात ऊर्जा साठलेली असते. ती स्वयंप्रवर्तनाच्या निम्मे गुणिले प्रवाहाचा वर्ग इतकी. दोन वेटोळी जवळ असतील तर आणखी एक भाग येतो : अन्योन्य प्रवर्तन गुणिले दोन्ही प्रवाह. साथ असेल तर तो मिळवायचा, विरोध असेल तर वजा करायचा.

चार हेन्रीच्या वेटोळ्यात ३ अँपिअर सोडले. चारचे निम्मे दोन, गुणिले नऊ, अठरा ज्यूल. नऊ हेन्रीच्या वेटोळ्यात २ अँपिअर, पण उलट दिशेने. नऊचे निम्मे साडेचार, गुणिले चार, पुन्हा अठरा. एकूण छत्तीस. आता अन्योन्य प्रवर्तन सहा धरले, तर वजा करायचे सहा गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे छत्तीस. बाकी शून्य. दोन्ही वेटोळी एकमेकांचे चुंबकत्व पूर्णपणे पुसून टाकतात.

आणि साडेसहा धरले तर? साडेसहा गुणिले सहा, एकोणचाळीस. छत्तीसमधून एकोणचाळीस गेले, उणे तीन. म्हणजे वेटोळ्यांत प्रवाह सुरू करण्यासाठी आपण काही खर्च करायचा नाही, उलट त्यांनीच आपल्याला तीन ज्यूल फुकट द्यायचे. निसर्गात असे घडत नाही. दोन्ही वेटोळ्यांत सारखाच प्रवाह सोडून पाहिले तर साडेसहाचा हिशेबही शून्यावर येऊन निसटतो. म्हणून सरासरी ही मर्यादा असावी असा भास होतो. तो पकडला जातो तीन आणि दोन या प्रवाहांपाशी. मग आकार कोणताही असो, गाभा कोणताही असो, सहाच्या वर जाता येत नाही. अन्योन्य प्रवर्तनाची मर्यादा दोन्ही वेटोळ्यांच्या स्वयंप्रवर्तनाने बांधलेली आहे, आणि त्या मर्यादेला पाठबळ आहे ते ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाचे.

रात्रीचे बारा वाजून गेले होते. पदवीच्या परीक्षेनंतर इतक्या आनंदाने आम्ही पेन्सिल हातात धरली नव्हती.

शनिवारी सकाळच्या मिस्सानंतर वही घेऊन आम्ही दुकान गाठले. त्याने शटर नुकतेच वर केले होते. वही टेबलावर ठेवून आम्ही पायरीपायरीने हिशेब दाखवला. त्याने मध्ये दोनदा अडवले. एकदा आमचीच चूक निघाली, ती दुरुस्त केली. ‘उणे तीन’ येताच तो मान हलवत म्हणाला, “म्हणजे फुकटची वीज. तसं असतं तर माझं दुकान केव्हाच बंगला झालं असतं.” मग त्याने ते पान फाडून मागितले. आम्ही दिले. त्याने ते वेढे मोजण्याच्या तक्त्याशेजारी भिंतीवर चिकटवले.

निघताना आम्ही १९९३ च्या त्या दिवसाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो गोंधळला. “अहो फादर, एवढं काय त्यात? सगळेच सर तसं सांगायचे.” त्याने आम्हाला दिलासा द्यावा म्हणून हे म्हटले, आम्हाला मात्र त्याने बरे वाटले नाही. सगळेच तसे सांगत होते, हेच तर दुःख आहे.

फादर कॅलन यांच्या बाबतीत पुढे काय घडले तेही सांगायला हवे. पॅरिसमधील कुशल यंत्रकार हाइनरिख रूमकॉर्फ यांनी अशा कॉइल उत्तम बांधून विकल्या. फ्रान्सच्या सम्राटाकडून त्यांना ५०,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले, आणि यंत्राला त्यांचेच नाव चिकटले. कॅलन यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले. रूमकॉर्फ यांच्या कौशल्याला यामुळे उणेपणा येत नाही. पण कॅलन यांनी स्वतः गुंडाळलेली यंत्रे मेनूथच्या संग्रहालयात जपलेली आहेत, आणि त्यांचा विचार करताना आम्हाला प्रथम ती ठिणगी आठवत नाही. आठवतात ते सेमिनरीचे विद्यार्थी, जे त्या तळघरात आपल्या शिक्षकाभोवती उभे राहिले असतील. त्यातील बहुतेक पुढे खेड्यापाड्यांतील धर्मगुरू झाले असतील. वीज म्हणजे काय, हे त्यांना कोणी नुसते पाठ करायला सांगितले नाही.

सणाच्या मिस्साला आमचा विद्यार्थी आला होता. मागच्या बाकाशेजारी, दाराजवळ उभा होता. प्रवचनात आम्ही मध्येच थांबलो, तेव्हा कर्ण्यांतून काहीच ऐकू आले नाही. त्याने तेवढ्यात वर पाहिले, आणि समाधानाने मान हलवली.

ती तांबूस-हिरवी कॉइल त्याने आम्हाला भेट दिली. ती आता आमच्या टेबलावर असते. बारावीची मुले चारित्र्याच्या दाखल्यावर सही घ्यायला येतात तेव्हा ती उचलून पाहतात आणि हे काय म्हणून विचारतात. आम्ही त्यांना चार, सहा आणि नऊ सांगतो, आणि मग सहा आले कुठून ते त्यांनाच शोधायला लावतो. दाखल्यावर सही व्हायला त्यामुळे थोडा उशीर होतो.